मास्तरांच्या हातातला विडा

शके, ये अशी जवळ. आणखी जरा सरक. कागदावरनं बोलावतेय म्हणून काय झालं, आज्जीची हाक तुला पुण्यातसुद्धा ऐकू येते हे मला ठाऊक आहे. आधी रागावून घेते, मग माया करते. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला म्हणालीस, तर परीक्षा आडवी आली. आणि आता पाठवलंस काय, तर निबंध! म्हातारीकडं यायला सवड नाही, पण प्रोफेसरांनी गुण कापले म्हणून रडगाणं गायला बरी सवड आहे गं तुला.

वाचला मी तो. चष्मा पुसून पुसून वाचला. यंत्रं आली ती बरी की वाईट, यावर लिहिलंस. दुसऱ्या परिच्छेदात गिरणीतला मजूर आहे, त्याच्या पाठोपाठ आगगाडी आहे, मग एकदम कुणाची तरी शिवणाची मशीन आहे, आणि शेवटी माणसानं साधं राहावं असं आहे. शेजारी तांबड्या शाईनं प्रोफेसरांनी लिहिलंय, 'मुद्दे पुष्कळ, बांधणी नाही.' आणि तू मला विचारतेस, आज्जी, बांधणी म्हणजे काय गं?

मला विचारतेस! मी शाळेची पायरी कधी चढले नाही. पण विचारलंस ते बरोबर ठिकाणी विचारलंस. कारण बांधणी शिकवणारा माणूस आमच्या भिंतीपलीकडंच राहत होता.

तांबोळी मास्तर. कोल्हापूरच्या गादीवर थोरले महाराज होते तेव्हाची ही गोष्ट. मी लग्न होऊन गंगावेशीतल्या घरी आले तेव्हा परकर जाऊन लुगडं आलं होतं एवढंच, बाकी पोरच होते. आमच्या घरी म्हशी. माझे सासरे, त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची आणि मी मामंजी, ते पहाटे धारा काढायचे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरवीत फेस काढून दूध द्यायचे. गोठ्याची भिंत कमरेएवढी. भिंतीच्या पलीकडं तांबोळ्यांचा ओटा. ओट्याच्या पुढच्या अंगाला मास्तरांच्या थोरल्या भावाचं पानाचं दुकान, आणि मागच्या अंगाला संध्याकाळी मास्तरांची शिकवणी.

दिवसा ते शाळेत शिकवत. संध्याकाळी फायनलच्या परीक्षेला बसणारी पोरं ओट्यावर गोळा होत. मास्तर उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि ओठ कायम लाल. बोलायला मात्र अगदी आमच्यातले. पुस्तकातलं वाचून दाखवताना भाषा कशी इस्त्री केल्यासारखी, आणि पुस्तक मिटलं की लगेच, "काय रं, कळलं का न्हाय? का नुस्ती मान हलीवतोयस?"

त्यांची एक सवय आधी सांगते, कारण सगळी गोष्ट त्या सवयीवर फिरते. पोरगं निबंध वाचायला उभं राहिलं की दुकानातनं त्यांची भावजय, आम्ही तिला भाभीच म्हणायचो, एक विडा करून त्यांच्या हातात द्यायची. तो विडा मास्तर चिमटीत धरून बसायचे. खायचे नाहीत. एक परिच्छेद पुरा होईस्तोवर विडा तसाच. परिच्छेद जमला असेल तर विडा तोंडात जायचा. जमला नसेल तर परत डब्यात. वाचणं चालू असताना तोंडानं चांगलं वाईट काही बोलायचे नाहीत. पोरं बिचारी कागदाकडं एक डोळा आणि विड्याकडं एक डोळा ठेवून वाचायची. एकेका संध्याकाळी मास्तरांच्या वाट्याला एकसुद्धा विडा यायचा नाही, आणि मग भाभी आतनं ओरडायची, "अरे लिखो रे कुछ ढंगका, मेरा देवर भुका मरता!"

आणि शिकवायचेसुद्धा विड्यावरनंच. घरचाच धंदा तो, दुसरं काय उदाहरण देणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हशीपुढं वैरण टाकत होते, हातातली पेंडी तशीच राहिली.

"परिच्छेद म्हंजे विडा," मास्तर म्हणाले. "पयलं काय घेता? पान. पानाबिगर विडा हुईल का? पान म्हंजे तुझं म्हणणं. एक विडा, एक म्हणणं, आन् ते पयल्या वाक्यात. मग चुना. चुना म्हंजे पुरावा. घडलेलं, बघितलेलं, कुणी तपासून लिवलेलं. नखावर मावंल एवढाच. मग कात. ह्या पुराव्यातनं तू काय काढतोस, ते समजावून सांगणं म्हंजे कात. नुस्ता चुना पांढरा, नुस्ता कात तपकिरी. दोन्ही एका ठिकाणी आलं की मग रंग." आणि जीभ काढून दाखवली त्यांनी, लालभडक. पोरं हसली.

"सुपारी, मास्तर?" एकानं विचारलं.

"सुपारी म्हंजे समोरच्याचं म्हणणं. टणक असतंय. ते टाळून विडा करणारा भित्रा. कातरून घ्यायचं, बारीक करायचं, चावायचं. आन् शेवटी लवंग. घडी घातली, पर लवंग टोचली न्हाय, तर हातात घेईस्तोवर विडा उलगडतोय. शेवटचं वाक्य तसं पायजे. सगळं धरून ठेवणारं."

ह्याच विड्याच्या शब्दांत मग पोरांची परीक्षा व्हायची. "पान कुठं हाय?" "चुना जास्त झाला." "कात इसरलास." हे गल्लीत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. नळावर बायकांची एकदा जुंपली. एक म्हणते तू माझी घागर सारलीस, दुसरी म्हणते तुझ्या पोरानं माझी कोंबडी मारली, पहिली म्हणते तुझ्या सासूनं माझ्या लग्नात आहेर केला नाही. मास्तर शाळेतनं येत होते. थांबले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बायांनो, एका टायमाला एकच पान घ्या. आदी घागर." बायका हसल्या आणि भांडण तिथंच मोडलं. कोंबडीचं मात्र पुढं कितीतरी दिवस चाललं, ते वेगळं.

पोरांना दुसरी खोड असायची. निबंध गाईवर असो नाहीतर गावावर, सुरुवात जगन्नियंत्यापासून. मग महाराजांची स्तुती. मग विद्येची थोरवी. गाय यायची ती दुसऱ्या पानावर. मास्तर तो सगळा भाग वाचूनच घ्यायचे नाहीत. "म्हाराजास्नी ठावं हाय ते कोण हाईत," म्हणायचे. "तू कोण हाईस आन् तुझं म्हणणं काय, ते सांग."

आणि शेवटची परीक्षा दारातली. हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. परिच्छेद लिहून झाला की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालातरी हाक मारायची. "ओ पावणं, जरा या हिकडं, पान खाऊन जावा." पाहुणा ओट्याला टेकला की त्याला परिच्छेद वाचून दाखवायचा आणि विचारायचं, काय ऐकलंत ते एका वाक्यात सांगा. त्यानं एका वाक्यात सांगितलं तर ठीक. त्याला दोन वाक्यं लागली तर परिच्छेदाचे दोन तुकडे करायचे. आणि त्याला काहीच सांगता आलं नाही, तर दोष पाहुण्याचा नव्हे, लिहिणाराचा.

एकदा भात घेऊन आलेला एक गाडीवान थांबवला होता. पोराचा निबंध, राहावं शहरात की खेड्यात. पोरानं एकाच दमात स्वच्छ हवा, ताजं ताक, भोळी माणसं, शाळा नाही, दवाखाना नाही, पटकीची साथ, सगळं कोंबलेलं. गाडीवान डोकं खाजवत ऐकत राहिला. मास्तर म्हणाले, "हं पावणं, काय कळलं?"

"कळलं की," गाडीवान म्हणाला. "पोराला गाव लई पसंत हाय, पर तितं ऱ्हायाचं न्हाय."

मास्तर एवढे खूश झाले, की डब्यात गेलेला विडा काढून त्यांनी गाडीवानाच्या हातावर ठेवला. पोरगं मात्र रडकुंडीला आलं. त्याला म्हणाले, "रडतोस कशाला? तुझ्याकडं दोन विड्यांचं सामान हाय, ते एका पानात भरलंस एवढंच."

शके, तुझ्या दुसऱ्या परिच्छेदात चार विड्यांचं सामान आहे. पण ते राहू दे. आता तुला आक्काचं सांगते.

आक्का माझी नणंद. तू तिला पाहिलंस ते पिकल्या केसांची, तुला गोष्टी सांगणारी आक्काआजी म्हणून. मी आले तेव्हा ती सोळा सतराची होती, आणि विधवा होऊन मलकापूरहून माहेरी आलेली. सासू माझी आधीच गेलेली, त्यामुळं घरात बाईमाणूस आम्ही दोघीच. आक्काला थोडं वाचता यायचं. कसं, तर लहानपणापासून गोठ्याच्या भिंतीवरनं मास्तरांचं ऐकून ऐकून. भिंतीवर कोळशानं ती अक्षरं काढायची आणि मामंजी यायच्या आत शेणानं सारवून टाकायची. मलाही तिनंच शिकवलं, त्याच भिंतीवर.

त्या साली दोन गोष्टी एकदम आल्या. मलकापूरहून तिचा दीर आला. भाताची सुगी तोंडावर आली, माणूस कमी पडतंय, वैनीला धाडा म्हणाला. आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी भिंतीवरनं सांगितलं, की बायकांना मास्तरीण करण्याचा वर्ग आहे, त्यात जागा निघाल्या आहेत, निबंधाची परीक्षा घेतात, पास झाली तर राहायची जेवायची सोय होते.

आक्का रात्रंदिवस एकच बोलायची. "वयनी, मी पुन्ना त्या घरात जायाची न्हाय." पण जायचं की नाही हे ठरवणार मामंजी. आणि मामंजींनी दिराला चहा देऊन सांगून टाकलं होतं, "सुगीला धाडतो."

मास्तरांनी काय करावं? दुसरा कुणी असता तर मामंजींना चार गोष्टी सुनावायला आला असता. मास्तर म्हणाले, "पोरी, वर्गाच्या परीक्षेला अवकाश हाय. तुजा पयला परीक्षक घरात म्हशी पिळतोय. त्येच्यासाठी लिव्ह. आन् दारातली परीक्षा आबांचीच."

गल्लीत कुजबुज झालीच. विधवा पोर आणि तांबोळ्याच्या ओट्यावर! तेव्हा भाभी अडकित्ता आणि सुपारीची टोपली घेऊन मुद्दाम दोघांच्या मधे येऊन बसायला लागली. कट कट सुपारी कातरायची आणि रस्त्यावरनं कुणी टवकारून बघितलं की, "क्या देखता? पान होना?" म्हणजे पान हवंय का, असं दरडावून विचारायची. मी भिंतीच्या अलीकडं, वैरणीच्या आडोशाला.

आक्कानं पहिला निबंध लिहिला तो भाजल्यासारखा लिहिला. मलकापुरास गोठ्यात निजवलं, पांढऱ्या पायाची म्हटलं, उष्टं वाढलं, चुलीतलं लाकूड हातावर टेकवलं, सणाला माजघरात कोंडलं. एकातनं एक, श्वास न घेता. मास्तरांनी मामंजींना हाक मारली. "आबा, या. पोरगी काय वाचती ऐका."

मामंजी ओट्याच्या कडेला टेकले. आक्का वाचायला लागली. अर्धं झालं असेल, मामंजी उठले. चेहरा काळाठिक्कर.

"म्हंजे मी पोटच्या पोरीला नरकात ढकाललं म्हन की! असंच लिवलंय न्हवं? लिव्हा, गावाला वाचून दावा!" आणि तडक गोठ्यात. दुसऱ्या दिवशी धारा काढताना हात इतका जड पडला की आमची गरीब काशी म्हैस, तिनं लाथ मारून चरवी उलटी केली.

मास्तरांच्या चिमटीतला विडा डब्यात गेला होता. आक्का त्यांच्यावरच उसळली. "मास्तर, खोटं काय लिवलं मी? एक तरी अक्षर खोटं हाय का?"

"एक न्हाय," मास्तर म्हणाले. "समदं खरं हाय. पर तू नुस्ता चुना दिलास त्येस्नी, मूठभर. जीभ भाजली. भाजल्या जिभेला मग काय द्या, चव कळत न्हाय."

"मग काय, लपवू?"

"लपवू नकोस. निवड. एकच घे, पर असं घे की त्येच्यातनं काय ठरतंय ते तुला सांगता यील. आन् दुसरं सांग. आबांची सुपारी कुटं हाय ह्येच्यात? त्येंचं म्हणणं?"

"त्येंचं काय म्हणणं असणार! लोक काय म्हणतील, हेच."

"ते तुज्या तोंडचं झालं. त्येस्नी इचारलंस?"

भाभीचा अडकित्ता थांबला. कारण विचारायचं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बापाला म्हणणं असतं, हुकूम असतो, पण कारण असतं आणि ते विचारता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळच्या धारेला आक्का चरवी घेऊन मामंजींच्या शेजारी जाऊन बसली. मी मागं वासराला धरून उभी. मग आक्का म्हणाली, "आबा, मला मलकापूरला का धाडताय? रागानं इचारत न्हाय. मला लिवायचं हाय."

मामंजी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून तसेच पिळत राहिले. मग त्या म्हशीलाच सांगावं तसं बोलले. "मी हाय तवर हाईस तू. माज्या माघारी? भाऊ बघंल. भावजय बघंल का? आज ती पोर हाय, उद्या तिला पोरं हुत्याल." भाऊ म्हणजे तुझे आजोबा आणि भावजय म्हणजे मीच, मी पदर आणखी पुढं ओढला. "तितं तुज्या नवऱ्याच्या वाट्याची जमीन हाय. वाटा द्यायचे न्हाईत ते, ठावं हाय मला. पर भाकरीचा हक्क हाय. मास्तरीण म्हंजे सरकारची मर्जी. आज हाय, उद्या न्हाय. मग कुनाच्या दारात हुबी ऱ्हाशील?"

लोक काय म्हणतील, हा शब्दसुद्धा निघाला नाही त्यांच्या तोंडून.

आक्का आत आली ती बसली लिहायला. किती खोडलं, किती फाडलं. मास्तर काही सांगायचे नाहीत, फक्त विचारायचे. ह्याचं पान कुठलं? हा चुना कशाला लावलास? शेवटी एक परिच्छेद झाला. तो मला अजून पाठ आहे. तुझ्या कॉलेजातसुद्धा चालेल असा आहे, बघ.

'वडिलांच्या माघारी विधवा मुलीची भाकरी तिच्या स्वतःच्या हातात असावी. सासरी तिला भाकरीचा हक्क आहे, असे माझे वडील म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही, कारण नोकरी सुटते आणि जमीन सुटत नाही. परंतु मलकापुरास असताना मला एकदा ताप आला आणि काही दिवस मी शेतात गेले नाही. त्या दिवसांत माझ्या वाट्याची भाकरी थापली गेली नाही. यावरून दिसते की ज्यास आपण हक्क म्हणतो ती मजुरी होती. हात थांबले तेव्हा तीही थांबली. नोकरी सुटली तर शिकलेले अक्षर सुटत नाही. ते घेऊन दुसऱ्या गावी जाता येते. म्हणून जमिनीतल्या भाकरीपेक्षा अक्षरातली भाकरी मला अधिक भरवशाची वाटते.'

एवढंच. लाकडाचा चटका नाही, कोंडलेली खोली नाही, पांढरा पाय नाही.

मामंजींना या वेळी आणायला मास्तर स्वतः गोठ्यात आले. "आबा, आज भाजायचं न्हाय. माजी जबाबदारी." मामंजी आले, पण टेकले नाहीत. खांबाला धरून उभे. भाभीनं मास्तरांच्या हातात विडा दिला. आक्कानं वाचलं. 'त्यांची काळजी खोटी नाही' इथं मामंजींनी मान वर केली. आपलं बोलणं कागदावर, आणि तेही धड, न वाकवता लिहिलेलं, त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं असावं. मग तापाचं वाक्य आलं. मामंजींचा हात खांबावरनं खाली आला.

वाचून संपलं. मग मामंजी हळूच म्हणाले, "ताप आलता? मला कुनी कळीवलं न्हाय."

मास्तरांनी विडा तसाच धरलेला. "आबा," ते म्हणाले, "नेम म्हंजे नेम. काय ऐकलं ते एका वाक्यात सांगा."

"मला काय इचारता, मी अडाणी माणूस."

"समद्या पावण्यास्नी इचारतो. सांगा."

मामंजींनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "ह्येच्यात लिवलंय," ते म्हणाले, आणि थांबले, आणि परत म्हणाले, "ह्येच्यात लिवलंय की आबा मेल्यावर ह्या पोरीनं भाकरीसाठी कुनाच्या दारात हुबं ऱ्हाऊ ने." आणि मग आक्काकडं न बघता, "आन् ते मलाबी नको हाय."

मास्तरांनी विडा तोंडात टाकला.

भाभी रडत होती की सुपारी डोळ्यात गेली होती, कोण जाणे. मामंजी दोन पावलं गेले आणि वळले. "मास्तर, त्या मलकापूरच्या पावण्याला काय ते तुमीच लिवून कळवा. मला एका वाक्यात जमायचं न्हाय. माज्या तोंडात नुस्त्या शिव्या येत्यात."

"त्यो निस्ता चुना हुईल, आबा," मास्तर लाल तोंडानं म्हणाले.

"हुदे की! त्येची जीभ भाजूदे!"

सगळा ओटा हसला. मीसुद्धा वैरणीच्या आडनं मोठ्यानं हसले, आणि मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढं आक्का परीक्षेला बसली, वर्गात गेली, मास्तरीण झाली. पहिली नेमणूक राधानगरीकडं. पावसात शाळा गळायची आणि पोरींच्या पाट्यांवरची अक्षरं धुऊन जायची, ती हसत हसत सांगायची. सुट्टीत आली की आधी गोठ्यात जाऊन मामंजींच्या पायाला हात लावायची आणि मग ओट्यावर. मास्तर तिला नेहमी एकच विचारायचे, "पोरी इचारत्यात का गं तुला, का म्हणून?" ती व्हय म्हणाली की खूश.

आता मास्तरांचं शेवटचं सांगते आणि तुला सोडते.

भाभी गेली. थोरला भाऊही थकला, दुकान विकलं. मास्तरांची बायको मी यायच्या आधीच गेलेली, एकच लेक, कबनूरला विणकराच्या घरी दिलेली. ती म्हणाली, बाबा, आता एकटं राहायचं नाही. दात गेलेले मास्तरांचे. विडा खलबत्त्यात कुटून खायला लागायचे, आणि त्याची त्यांना फार लाज. पोरं शिकवणीला येतच होती. पण लेकीनं गाडी पाठवली.

ते जाणार हे कळल्यावर मी एक उद्योग केला. मला तेव्हा लिहिता यायला लागलं होतं, वेडंवाकडं. आक्का राधानगरीला, मग सांगणार कुणाला? मीच बसले. तांबोळी मास्तरांनी कोल्हापूर सोडू नये, या विषयावर एक परिच्छेद लिहिला. पान होतं, पहिल्याच वाक्यात. चुना होता: कबनूरला आमच्यासारखं धारोष्ण दूध दारात मिळत नाही. कात होता: दात नसलेल्या माणसाला दुधाची गरज जास्त. सुपारीसुद्धा घातली: लेकीची माया मोठी, हे मला मान्य आहे.

गाडी दारात उभी होती. ट्रंक चढली, खलबत्ता चढला. मामंजी भरलेली चरवी देऊन माघारी गेले. मी पदर सावरला आणि गाडीजवळ जाऊन म्हटलं, "मास्तर, एक परिच्छेद ऐकता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं भिंतीपलीकडं होते मी, त्यांच्यासमोर कधी शब्द काढला नव्हता. त्यांनी कोटाच्या खिशातली पुडी उघडली, पानं तिथं होतीच, स्वतः विडा केला आणि चिमटीत धरला. "वाच, सूनबाई," म्हणाले.

मी वाचलं. गाडीवान बैलाची शेपटी सोडून ऐकत राहिला. माझं वाचून संपलं. मग मी धीर केला. "मास्तर, नेम म्हंजे नेम. काय ऐकलंत ते एका वाक्यात सांगा."

हसले. दात नव्हते तरी ते हसणं लालच होतं. "ह्येच्यात लिवलंय," ते म्हणाले, "की भिंतीपल्याडच्या पोरीला मास्तर इसरायचा न्हाय."

असं मी कुठं लिहिलं नव्हतं गं. दुधाचं लिहिलं होतं. पण त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

"पर सूनबाई," त्यांनी विडा वर धरून दाखवला. घडी घातलेली, पण उलगडायला लागलेली. "लवंग कुटं हाय? शेवटचं वाक्य न्हाय तुज्या परिच्छेदाला."

मी म्हटलं, "सुचलं न्हाई मास्तर."

"घाई न्हाय," ते म्हणाले. "सुचलं की सांग. तवर धरून ठेवतो." आणि गाडीवानाला म्हणाले, "हाण रं."

गाडी गंगावेशीतनं वळली. मास्तर पाठमोरे बसलेले, काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली असणार. उजवा हात गाडीच्या कठड्यावर होता. आणि त्या हाताच्या चिमटीत तो विडा, न खाल्लेला, उलगडू नये म्हणून दाबून धरलेला. वळणाआड दिसेनासा होईस्तोवर तो हात तसाच होता. पुन्हा मी त्यांना पाहिलं नाही.

तर शके, ही बांधणी. प्रोफेसरांना सांग, नाहीतर नको सांगू, पण तुझ्या दुसऱ्या परिच्छेदाचे चार कर. आणि एक लक्षात ठेव, मजुराचं लिहिशील तर आधी जाऊन एखाद्या मजुराला विचार, त्याचं म्हणणं काय आहे. मग ते त्याच्याच तोंडी शोभेल असं लिही.

आणि मला ते शेवटचं वाक्य एवढी वर्षं सुचलं नव्हतं, ते आज हे लिहिता लिहिता सुचलंय: 'मास्तर, लवकर परत या.' ज्याला सांगायचं तो माणूस नाही राहिला, म्हणून तुला सांगते. लवकर ये गं. निबंध सुधारून घेऊन ये, आपल्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाच. दात माझेही गेलेत, पण मी विडा करून हातात धरून बसते.